तुर्रेबाज खान आणि तुर्रमखान

‘स्वतःला काय तुर्रमखान समजतोस?’ नांदेड, परभणी, लातूरकडे वाढलेल्या माणसाने हे वाक्य लहानपणी एकदा तरी ऐकलेले असते. गल्लीत दोन पोरांची जुंपली की हा शब्द यायचा. नव्याने हुद्द्यावर चढलेला कारकून ओळखीच्याला ओळख देईनासा झाला की त्याच्या पाठीमागेही यायचा. त्यातला ‘खान’ कोण, कुठला, हे विचारण्याची गरज कुणाला पडत नाही. शिवीच्या अलीकडचा आणि कौतुकाच्या पलीकडचा असा तो एक चालता शब्द.

हैदराबादेत मात्र या शब्दाला पत्ता आहे. कोठीच्या बसथांब्यावरून सुलतान बाजाराकडे निघालात की दुकानांच्या पाट्यांवर खालच्या बाजूला बारीक अक्षरांत रस्त्याचे नाव दिसते : तुर्रेबाज खान रोड. १८५७ साली इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेल्या माणसाचे हे नाव. शहरात कुणालाही विचारा, ‘तुर्रम खाँ’ म्हणजे हाच, असे ठाम उत्तर मिळते.

हे उत्तर मराठी वाचकाने तपासून घ्यावे असे मला मनापासून वाटते. सुलतान बाजार आणि त्याच्या शेजारचा इसामिया बाजार हा हैदराबादच्या मराठी माणसाचा जुना मुलूख. विवेक वर्धिनी शाळा १९०७ साली याच परिसरात उभी राहिली, मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ साली. इथल्या दखनीने मराठीकडून ‘नको’ घेऊन त्याचा ‘नक्को’ केला, आपला जोर देणारा ‘च’ उचलून तो ‘आपनच’, ‘ऐसाच’ असा वापरला. शब्दांची ही देवघेव दोन्ही बाजूंनी चालली. तिच्यातूनच तुर्रमखान मराठवाड्यातल्या मराठीत रुळला. तेव्हा हा शब्द खरोखर तुर्रेबाज खानाचा आहे का, हा प्रश्न आपलाही आहे. उत्तर शोधताना आधी कागद काय म्हणतात ते पाहू, लोकांचे म्हणणे त्यानंतर.

कागद आहेत ते असे. निजामाच्या दरबारी असलेला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल कथबर्ट डेव्हिडसन याचा कलकत्त्याच्या सरकारशी झालेला पत्रव्यवहार. हेन्री जॉर्ज ब्रिग्ज याने १८६१ साली आणि हेस्टिंग्ज फ्रेझर याने १८६५ साली छापलेले निजामाच्या राज्यावरचे ग्रंथ. हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास लिहिण्यासाठी राज्याने नेमलेल्या समितीने १९५६ साली प्रसिद्ध केलेले खंड, ज्यांत हा जुना पत्रव्यवहार एकत्र मांडला आहे. मूळ साधने लिहिणारा हात जवळपास सगळीकडे तुर्रेबाज खानाच्या विरोधकांचा आहे. फ्रेझरच्या ग्रंथाचे नावच निजामाला ‘आपला एकनिष्ठ दोस्त’ म्हणणारे आहे. अशा कागदांत बंडवाल्याची बाजू मिळणार नाही, पण तारखा, ठिकाणे आणि सरकारची धास्ती मिळते. तेवढ्यावर घटना उभी करता येते.

आधी जागेचे नाव नीट करून घेतले पाहिजे, कारण इथेच पहिली चूक होते. १८५७ साली ‘सुलतान बाजार’ हे नाव नव्हते. मुसी नदीच्या उत्तरेला, चादरघाटाजवळ, जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या खर्चाने एक प्रचंड वास्तू बांधवून घेतली. समोर सहा उंच खांब, रुंद पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन बाजूंना दगडी सिंह. लोक तिला कोठी म्हणू लागले आणि पुढे तेच साऱ्या भागाचे नाव झाले. कोठीच्या आश्रयाने जो बाजार वाढला तो रेसिडेन्सी बाजार. तिथे हुकूम रेसिडेंटचा चाले, निजामाचा नाही. हा बाजार १९३३ साली निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. म्हणजे तुर्रेबाज खान ज्या रस्त्यांवरून गेला ते आजच्या सुलतान बाजाराचे रस्ते खरे, पण त्याच्या तोंडी ते नाव कधी आले नसणार.

आता रेसिडेन्सीवरच्या त्या हल्ल्याची पार्श्वभूमी. ती हैदराबादेपेक्षा मराठवाड्यात आणि वऱ्हाडात अधिक आहे.

निजामाच्या राज्यात ‘हैदराबाद काँटिंजंट’ नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, शिपाई इथले, पगार निजामाच्या तिजोरीतून. हा पगार थकला, कर्ज चढले आणि १८५३च्या तहाने कंपनीने त्यापोटी वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गकडचा मुलूख आणि रायचूर दुआब आपल्या ताब्यात घेतला. त्याच वर्षी सालारजंग दिवाण झाला. त्याचे नाव मीर तुराब अली खान, वय अवघे चोवीस. शहरात तहाबद्दलचा राग होताच. १८५७च्या मे महिन्यात उत्तरेत उठाव झाला आणि त्याच महिन्यात निजाम नासिरुद्दौला वारला. मुलगा अफजलुद्दौला गादीवर आला. निजाम हातचा गेला तर सगळेच गेले, अशा आशयाचा निरोप मुंबईच्या गव्हर्नराने रेसिडेंटला धाडला तो याच दिवसांत. दक्षिणेतले इंग्रजी राज्य हैदराबादवर किती टेकलेले होते, ते या एका निरोपावरून कळते.

जूनच्या मध्याला औरंगाबादच्या छावणीत काँटिंजंटच्या पहिल्या घोडदळाने दिल्लीवर चालून जायला नकार दिला. जनरल वुडबर्नची पलटण आली, बंड मोडले, शिपायांना फाशी दिली, कुणाला तोफेच्या तोंडी दिले. संभाजीनगरच्या क्रांती चौकातला काळा चबुतरा ही त्याचीच खूण. या धामधुमीत जमादार चिदा खान काही सोबत्यांसह निसटला. निजामाची राजधानी आपल्याला आसरा देईल या भरवशावर तो हैदराबादला आला. सालारजंगाने त्याला धरले आणि रेसिडेंटच्या हवाली केले.

ठिणगी इथे पडली. पुढे जे झाले त्याची उभारणी औरंगाबादच्या सैनिकांसाठी झाली, हे आपण विसरतो. हैदराबादचा उठाव म्हणून शिकवली जाणारी ही घटना मराठवाड्यातल्या छावणीच्या धाग्याने बांधलेली आहे.

१७ जुलै १८५७, शुक्रवार. मक्का मशिदीत दुपारच्या नमाजानंतर गर्दी थांबली. निजामाकडे मौलवी पाठवून चिदा खान आणि त्याच्या साथीदारांची सुटका मागावी, ती न झाल्यास रेसिडेन्सीवर जावे, असे ठरले. सालारजंगाला बातमी लागली आणि त्याने रेसिडेंटला वेळीच सावध केले. कोठीत तोफा लावल्या गेल्या, मद्रासचे तोफखान्याचे लोक आणि पायदळ जागेवर आले. चालून येणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचा संभव नाही.

संध्याकाळ होता होता सुमारे पाचशे रोहिले रेसिडेन्सीवर चालून गेले. रोहिले म्हणजे उत्तरेतून दक्षिणेत आलेले पठाण शिपाईगडी. कुणी जमीनदाराच्या पदरी, कुणी सावकाराच्या वसुलीला, कुणी सरदाराच्या फौजेत. त्यांचे पुढारी दोन. एक मौलवी अलाउद्दीन, दुसरा बेगम बाजारचा जमादार तुर्रेबाज खान. बेगम बाजार मुसीच्या उत्तरेलाच आहे, कोठीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आपल्या घराशेजारच्या सत्तेवर तो चालून गेला होता.

रेसिडेन्सीसमोर अब्बन साहेब आणि सावकार जयगोपालदास यांची दुमजली घरे होती. रोहिल्यांनी ती घरे घेतली आणि वरून गोळीबार सुरू केला. बागेची भिंत फोडली, दरवाजा पाडला. आतून तोफांनी उत्तर दिले. ज्यांनी पुतळी बावडीकडून कोठीकडे येणारा तो अरुंद रस्ता पाहिला आहे, त्यांना ही लढाई डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही. माडीवरच्या खिडक्यांतून बंदुका, समोर मोकळ्या आवारात मांडलेल्या तोफा, मध्ये जेमतेम रस्त्याची रुंदी. तोफेपुढे घराच्या भिंती किती टिकणार? तरी गोळीबार रात्रभर चालला. पहाटे चारच्या सुमारास रोहिल्यांनी घरे सोडली आणि ते पांगले. कोठी पडली नाही, चिदा खान सुटला नाही. सबंध उठाव एका रात्रीत संपला.

संपला तो उठाव. माणूस अजून दीड वर्ष पुरला.

तुर्रेबाज खान थोड्याच दिवसांत पकडला गेला. चौकशीत त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती : मौलवी अलाउद्दीन कुठे आहे? त्याने ती सांगितली नाही. खटला चालला, जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, मालमत्ता जप्त झाली. अंदमानला रवाना होण्याआधीच, १८५९च्या १८ जानेवारीला तो कैदेतून पळाला. सरकारने त्याच्यावर पाच हजार रुपयांचे इनाम लावले. सहाच दिवसांनी, २४ जानेवारीला, हैदराबादच्या उत्तरेला तूप्रानजवळ तालुकदार मिर्झा कुर्बान अली बेग याने त्याला गाठून ठार केले. प्रेत हैदराबादला आणले आणि रेसिडेन्सीजवळ साखळ्यांनी उघडे टांगून ठेवले. ज्या रस्त्यावर तो लढला होता त्याच रस्त्याने येणाजाणाऱ्यांना ते दिसावे म्हणून.

या शेवटच्या कृतीकडे मी थांबून पाहतो. मेलेल्या कैद्याला टांगण्याची गरज सत्तेला का वाटावी? माणूस हरला होता, मारला गेला होता, त्याचे साथीदार पांगले होते. तरी त्याचे नाव बाजारातल्या लोकांच्या तोंडी आहे, याची जाण असल्याशिवाय कुणी असे प्रदर्शन मांडत नाही. हे प्रेत म्हणजे त्याच्या नावलौकिकाचा सरकारने स्वतःच दिलेला दाखला आहे. तुर्रेबाज खान शहरात गाजलेला होता, याला यापेक्षा बळकट पुरावा मला हवासा वाटत नाही.

निजामाच्या निष्ठेचे मोल लगेच चुकते झाले. १८६०च्या तहाने निजामाला धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब परत मिळाला, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, सुरापूरचे संस्थान बक्षीस मिळाले. वऱ्हाड मात्र सुटला नाही. धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला पुढची ८८ वर्षे जी निजामशाही आली, तिच्या सनदेला १७ जुलैच्या त्या रात्रीची शाई लागलेली आहे.

इथपर्यंत कागद सोबत करतात. आता शब्दाकडे वळू.

माणसाच्या नावावरून शब्द झाला, असे म्हणायला तीन गोष्टी लागतात. माणूस खरा असावा आणि गाजलेला असावा. त्याच्या नावापासून शब्दापर्यंत उच्चाराची वाट दिसावी. आणि शब्द घडत असताना कुणीतरी तो लिहून ठेवलेला असावा. या तिन्ही कसांवर उतरणारी उदाहरणे आपल्याजवळ आहेत, म्हणून कस कठोर ठेवायला हरकत नाही.

‘भाऊगर्दी’ घ्या. आज आपण हा शब्द इच्छुकांच्या झुंबडीला लावतो. पण त्यातला भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि गर्दी म्हणजे १४ जानेवारी १७६१ची पानिपतची कत्तल आणि पळापळ. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द त्या व्युत्पत्तीसकट नोंदलेला आहे. पानिपताला शंभर वर्षे व्हायच्या आत, नातवंडांच्या हयातीत, शब्द कोशात पोहोचला होता.

‘बॉयकॉट’चा हिशोब तर दिवसांत मांडता येतो. आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० साली कुळांनी त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला. त्याच वर्षी वृत्तपत्रांनी त्याच्या आडनावाचे क्रियापद करून टाकले. पंचवीस वर्षांत, १९०५च्या वंगभंगाच्या चळवळीत, ते क्रियापद पुण्या-मुंबईच्या सभांत गाजत होते. ज्याला टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ म्हटले, त्याच्या पाठीशी एका कारभाऱ्याचे आडनाव उभे होते.

तिसरे उदाहरण सुलतान बाजारपासून फार लांब नाही. मुसीपलीकडे, मलकपेठच्या पुढे मूसारामबाग नावाचा भाग आहे. नदी मुसी, म्हणून बाग मूसारामची, असा समज सहज होतो. पण नदीचा तिथे संबंध नाही. दुसरा निजाम, निजाम अली खान, याच्या पदरी मिशेल जोआकिम रेमंड नावाचा फ्रेंच सेनापती होता. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत तो मराठ्यांविरुद्ध उभा होता. पेशवाईतले आपले कारकून फ्रेंच सरदारांच्या नावामागे ‘मुसा’ लावत. बुसीचा त्यांनी मुसाबुसी केला आणि रेमंडचा मुसा रेमू. हा ‘मुसा’ म्हणजे फ्रेंच भाषेतला ‘मोस्यू’, आपल्या ‘रावसाहेबा’सारखे नुसते आदरार्थी संबोधन. हैदराबादच्या लोकांनी ते संबोधनच नाव मानले. मुसलमानांनी मोस्यू रेमंडचा मूसा रहीम केला, हिंदूंनी मूसा राम. २५ मार्च १७९८ रोजी तो वारला. सरूरनगरजवळच्या टेकडीवर त्याची समाधी आहे, उंच दगडी स्तंभाची, आणि लोक पिराच्या दर्ग्याला जावे तसे तिथे उरुसाला जात. इथे वाटेवरचा प्रत्येक टप्पा दिसतो. मोस्यूचा मुस्यू, मुस्यूचा मुसा. रेमंडचा रेमू, रेमूचा रहीम आणि राम. माणूस आहे, समाधी आहे, मराठी कागद आहेत, उच्चाराची वाट आहे.

कोठीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या आबिड्सचीही तशीच गोष्ट. सहावा निजाम महबूब अली खान याच्या खास नोकरीतला अल्बर्ट आबिद याचे तिथे दुकान होते. दुकान गेले, आबिद गेला, नाव राहिले. माणसाचे नाव पचवून त्याचे जागेचे नाव करणे हा या शहराचा स्वभावच आहे.

आता याच कसावर तुर्रमखान घासून पाहू.

पहिला कस तो निर्विवाद पार करतो. माणूस खरा, आणि इतका गाजलेला की सरकारला त्याचे प्रेत टांगावे लागले.

दुसऱ्या कसाशी अडते. ‘तुर्रेबाज’ या शब्दाची फोड सोपी आहे. तुर्रा म्हणजे पगडीवरचा तुरा. मूळ शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, मराठीत तुरा झाला, शिरपेचात खोवला गेला आणि शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात फडाफडांतून गाजला. ‘बाज’ हा फारसी प्रत्यय दगाबाज, नखरेबाज यांत आहे तोच. म्हणजे तुर्रेबाज हा तुरा मिरवणारा, ऐटीत चालणारा. असे नाव पाळण्यात ठेवलेले असेल किंवा पुढे चिकटलेले असेल, पण त्याचा अर्थ ऐकणाऱ्याला लगेच कळत होता. अडचण आहे ती ‘म’ या एका अक्षराची. तुर्रेबाजमधून ‘बाज’ गळाला तर ‘तुर्रा’ किंवा ‘तुर्रे’ उरावा. ‘तुर्रम’मधला म त्या नावात कुठेच नाही. मुसा रेमूच्या नावात जशी पावलागणिक वाट दिसते, तशी इथे दिसत नाही.

शिवाय तुर्रमखान एकटा नाही. त्याला भावंडे आहेत. तीसमारखाँ आहे, फन्नेखाँ आहे. तीस मारल्याची फुशारकी मारणारा तो तीसमारखाँ, फन म्हणजे कसब, त्याचा तोरा दाखवणारा तो फन्नेखाँ. बढाईखोराच्या गुणाला ‘खाँ’ जोडून लटका सरदार उभा करायचा, हा हिंदुस्तानी बोलीचा ठरलेला साचा आहे. या साच्यात ‘तुर्रा’ घातला तरी तुर्रमखान तयार होतो, त्याला बेगम बाजारच्या जमादाराची गरज लागत नाही.

तिसऱ्या कसावर भाऊगर्दीला मोल्सवर्थ आहे, बॉयकॉटला वृत्तपत्रे आहेत. तुर्रमखानाला आधार आहे तो तोंडी परंपरेचा. हैदराबादचे लोक सांगतात, हैदराबादवर लिहिणारे ते पुन्हा सांगतात.

मग काय म्हणावे? माझा निर्णय असा आहे. तुर्रेबाज खानापासून तुर्रमखान जन्मला, हे सिद्ध झालेले नाही आणि तसे सिद्ध म्हणून लिहू नये. नाव आणि शब्द ही एकाच तुऱ्याची दोन पिसे आहेत. पण या दोहोंचा संबंध कुणी उगाच जोडला, असेही मी म्हणणार नाही. तुरा मिरवणाऱ्या नावाचा एक माणूस या शहरात खरोखर निघाला, साम्राज्याच्या दारावर धडकला, आणि त्या दिवसापासून हैदराबादेत तो शब्द उच्चारताना डोळ्यांपुढे उभा राहायला एक चेहरा मिळाला. शब्दाचा जन्म एका घरी झाला आणि त्याला दत्तक दुसऱ्या घराने घेतले. दत्तकाचाही वारसाहक्क असतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

हा हक्क शब्दाच्या वापरातही उतरला आहे. ‘स्वतःला तुर्रमखान समजतो’ हे आपण हिणवण्यासाठी म्हणतो. हैदराबादचा माणूस हिणवायला म्हणतो, तसाच अभिमानानेही म्हणतो. रेसिडेन्सीच्या कागदांत जो गुन्हेगार होता, तो लोकांच्या बोलीत धाडसाचे माप झाला. इतिहास लिहिण्याचा अधिकार ज्यांना नव्हता त्यांनी आपली नोंद बोलण्यात करून ठेवली. म्हणूनच अशा शब्दांना टाकाऊ बोली मानणे मला मान्य नाही. कागदाने जे लिहिले नाही ते कधी कधी शब्दाने धरून ठेवलेले असते. त्याची शहानिशा करणे हे आपले काम आहे, त्याला हसून सोडून देणे नव्हे.

आणखी एक गोष्ट या दोन नावांत दडलेली आहे. उठाव मोडणाऱ्या दिवाणाचे नाव तुराब, उठाव करणाऱ्या जमादाराचे तुर्रेबाज. कानाला दोन्ही जवळची. पण तुराब म्हणजे माती आणि तुर्रा म्हणजे माथ्यावरचा मान. दिवाणाने राज्याची माती राखली, त्यातली धाराशिवची परतही मिळवली. त्याच्या घराण्याचे संग्रहालय जगभरचे लोक पाहायला येतात. जमादाराच्या वाट्याला कोठीजवळचे एक स्मारक आणि एक रस्ता आला. सालारजंगाची थोरवी मी नाकारत नाही. त्याने आपले राज्य वाचवले, हे खरेच आहे. पण औरंगाबादहून आसऱ्याला आलेल्या सैनिकांच्या बाजूने त्या दिवशी कोण उभे राहिले, असे मराठवाड्याने स्वतःला विचारले, तर उत्तरात दिवाणाचे नाव येणार नाही.

म्हणून एक विनंती. सुलतान बाजारात जाणे झाले, मेट्रोच्या सुलतान बाजार स्थानकावर उतरून बडी चावडीकडे खरेदीला निघालात, तर दुकानांच्या पाट्यांवरची खालची ओळ वाचा. घरी कुणी ‘तुर्रमखान’ म्हणाले तर मुलांना तुर्रेबाज खानाची हकीकत सांगा, आणि शब्दाचा संबंध लोकपरंपरेचा आहे, हेही त्याच दमात सांगा. त्याचा मोठेपणा व्युत्पत्तीवर अवलंबून नाही. तो अवलंबून आहे चौकशीच्या खोलीत न दिलेल्या एका उत्तरावर. ज्याचा ठावठिकाणा त्याने सांगितला नाही, तो मौलवी अलाउद्दीन अंदमानला पाठवला गेला तो २८ जून १८५९ला, कोठीवरच्या त्या रात्रीनंतर जवळपास दोन वर्षांनी.